आई-वडिलांना घेऊन वैष्णोदेवी: आखणी उतरणीपासून करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई ६६ वर्षांची, गुडघे कुरकुरतात. बाबा ७१, मधुमेहाच्या गोळ्या चालू, पण रोज तासभर फिरतात. बरोबर तुम्ही दोघं आणि नऊ वर्षांची मुलगी. पुण्याहून निघून वैष्णोदेवीचं दर्शन घ्यायचं, जमलं तर श्रीनगर नाहीतर अमृतसर जोडायचं, आणि हे सगळं सहा दिवसांच्या रजेत. मे महिना बरा की दिवाळीची सुट्टी, हेलिकॉप्टर घ्यावं की घोडा, आणि मुळात आईला झेपेल का?

झेपेल. फक्त झेपण्याचा हिशेब बहुतेक लोक चुकीच्या टोकाकडून मांडतात. सगळी काळजी चढणीची असते. पण चढताना माणूस दमतो, कठड्याला टेकतो, चहा घेतो, पुन्हा निघतो. दम लागला की शरीर आपणहून थांबवतं. उतरताना दम लागत नाही, म्हणून कुणी थांबत नाही, आणि प्रत्येक पावलागणिक अंगाचा भार गुडघ्याच्या वाटीवर आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंवर आदळत राहतो. त्यात आदल्या रात्री झोप झालेली नसते आणि संध्याकाळची गाडी गाठायची असते. ज्येष्ठांच्या यात्रा बिघडतात त्या या परतीच्या बारा-तेरा किलोमीटरमध्ये. वर्षानुवर्षं गट नेताना आम्ही आखणी म्हणूनच शेवटाकडून करतो: कोण, कसं आणि किती वाजता उतरणार हे आधी ठरवायचं. चढण आपोआप जागेवर बसते.

बरंचसं अर्थात तुमच्या घरच्या परिस्थितीवर आहे. 'गुडघे कुरकुरतात' याचा अर्थ माणसागणिक बदलतो. आईला एक साधी परीक्षा द्यायला सांगा: घरचा जिना दोन मजले न थांबता उतरायचा. कठडा न धरता उतरता आला आणि दुसऱ्या दिवशी सूज नसली, तर त्या काठी घेऊन बराच रस्ता चालू शकतील. एकेक पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरावं लागत असेल, तर उतरणीचा मुख्य टप्पा त्यांनी चालायचा नाही, हे आजच ठरवून टाका. तिथे गेल्यावर 'बघू' म्हणू नका. वर पोहोचल्यावर उत्साहात प्रत्येक जण 'चालेन की' म्हणतो. बाबांची अँजिओप्लास्टी वगैरे झाली असेल, किंवा चालताना छातीत जड वाटत असेल, तर डॉक्टरांना 'वैष्णोदेवीला जाऊ का' असं मोघम न विचारता 'सलग सहा किलोमीटर चढ, एकूण साधारण अडीच-पावणेतीन हजार फूट' असं नेमकं सांगून विचारा.

आता रस्ता. कटरा, म्हणजे पायथ्याचं गाव, साधारण अडीच हजार फुटांवर आणि भवन, म्हणजे गुहेचं ठिकाण, ५,२०० फुटांवर. आपल्या कळसूबाईचा माथा याहून थोडा उंचच भरेल. त्यामुळे केदारनाथसारखा विरळ हवेचा त्रास इथे होत नाही, आणि कापराच्या पुड्या हुंगत चढणाऱ्यांनी त्या घरी ठेवल्या तरी चालतील. रस्ता पूर्ण बांधलेला, रात्रभर दिवे, जागोजागी पाणी, चहा, स्वच्छतागृहं, बऱ्याच भागावर छप्पर. प्रश्न फक्त अंतराचा आहे.

चढण सुरू होते त्या बाणगंगेच्या तपासणी चौकीपासून अर्धकुवारी हा मधला मुक्काम साधारण निम्म्यावर, सहा किलोमीटरच्या आसपास. तिथवर जायला दोन रस्ते: चरणपादुकेवरून जाणारा जुना, आणि २०१८ मध्ये खुला झालेला सात किलोमीटरचा ताराकोट मार्ग. ताराकोट रुंद आहे, चढ सौम्य आहे, घोड्यांना तिथे बंदी असल्यामुळे लीदही नाही आणि मागून 'बाजू, बाजू' करत येणारं खेचरही नाही. अर्धकुवारीच्या पुढे पुन्हा दोन फाटे. जुना रस्ता हाथी मत्थ्याची खडी चढण घेऊन सांझीछतला जातो आणि तिथून भवनाकडे उतरतो. घोडे या वाटेनं जातात. नवा रस्ता हिमकोटीवरून, बराचसा सपाट. त्यावर घोडे नाहीत, बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या आहेत. पायऱ्यांचे आडमार्गही दिसतील. अंतर वाचतं म्हणून लोक मोहात पडतात. गुडघे दुखणाऱ्यानं चढताना एखादी पायवाट वापरली तर एक वेळ चालेल, उतरताना पायऱ्या अजिबात नकोत. लांबचा उतार गुडघ्याला परवडतो, उंच पायरी परवडत नाही.

एवढं चित्र डोळ्यांसमोर ठेवलं की हेलिकॉप्टरचं उत्तर सोपं होतं. कटऱ्याहून उडालेलं हेलिकॉप्टर काही मिनिटांत सांझीछतला उतरतं, भवनाला नाही. तिथून भवन साधारण अडीच किलोमीटर, आणि वाट उताराची. म्हणजे परत येताना हेच अडीच किलोमीटर चढून हेलिपॅड गाठायचं, तेही दिलेल्या वेळेच्या आत. 'हेलिकॉप्टर घेतलं, आता आईला चालायचं नाही' असं समजून येणारी कुटुंबं इथेच गोंधळतात. ढग आले, वारा सुटला की उड्डाणं बंद, आणि पैसे परत मिळाले तरी दिवस परत मिळत नाही. हेलिकॉप्टर घ्यायचंच असेल तर यात्रेचा कारभार बघणाऱ्या श्राइन बोर्डाच्या संकेतस्थळावरून, साधारण दोन महिने आधी. कटऱ्यातल्या दलालाकडून किंवा फोनवर आलेल्या लिंकवरून कधीच नाही, कारण नकली तिकिटांची फसवणूक याच एका गोष्टीत सगळ्यात जास्त होते. एक युक्ती मात्र सांगतो: परतताना भवनाहून सांझीछत चढण्याऐवजी रोपवेनं भैरवनाथाला जा आणि तिथून सांझीछतला उतरा. भैरव मंदिर या सगळ्या परिसरात सर्वांत उंच, त्यामुळे ती वाट खाली येते.

तुमच्या बाबतीत मी हेलिकॉप्टर सुचवणार नाही. अर्धकुवारीपर्यंत आई घोड्यावर किंवा पालखीत, तिथून भवनापर्यंत सगळ्यांनी बॅटरी गाडी, भवनाला रात्रभर मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी सावकाश परत: ही जोडणी सर्वांत भरवशाची. बॅटरी गाडीत ज्येष्ठ, आजारी आणि दिव्यांगांना प्राधान्य असतं, पण बरोबरच्या सगळ्या कुटुंबाला मिळेलच असं नाही. म्हणून बोर्डाच्या संकेतस्थळावर आधी आरक्षण करा, आणि ते मिळालं नाही तर आई-बाबांबरोबर गाडीत कोण बसणार आणि मुलीला घेऊन कोण चालणार हेही ठरवून ठेवा. पाऊस पडून दगड सुटण्याची भीती असली की हा रस्ताच बंद होतो. शिवाय गाडी अगदी दारात सोडत नाही, शेवटचा तुकडा चालावा लागतोच.

घोड्याबद्दल दोन गोष्टी. आईला एकटीला घोड्यावर बसवून 'वर भेटू' म्हणू नका. घोडा अर्धकुवारीला दीडएक तासात पोहोचतो, बाबांच्या चालीनं तुम्हाला तीन-साडेतीन तास लागतील. तेवढा वेळ आई अनोळखी गर्दीत, बहुधा फोनशिवाय. तुमच्यापैकी एकानं दुसरा घोडा घ्या. आणि लक्षात ठेवा, बाकीचे ताराकोटनं चालत येणार असतील तर दोन्ही तुकड्यांचे रस्ते वेगळे असतील, वाटेत गाठ पडणार नाही. भेटायची जागा खालीच पक्की करा: अर्धकुवारी, बॅटरी गाडीची तिकीट खिडकी. दर बोर्डानं ठरवून फलकावर लावलेले असतात. फलक वाचा, घोडेवाल्याचं ओळखपत्र बघा, त्याचा फोटो काढून ठेवा, पैसे नेमके कुठपर्यंतचे ते दोनदा विचारा. ज्येष्ठांना इजा होते ती घोडा चालताना नाही, चढता-उतरताना. दगडी ओट्यापाशीच चढायचं आणि ओट्यापाशीच उतरायचं, घोडेवाला कितीही घाई करो.

उतरताना मात्र घोडा नको. उतारावर स्वाराला अंग मागे टाकून बसावं लागतं आणि साठीनंतरची कंबर त्याला दाद देत नाही. त्यासाठी पालखी, चार माणसांनी उचललेली. महाग आहे, पण आईसाठी या यात्रेत एकाच गोष्टीवर जास्त खर्च करायचा झाला तर तो परतीच्या अर्धकुवारी–बाणगंगा पालखीवर करा. मुलगी दमलीच तर पिट्टू आहेत. ते लहान मुलांना आणि सामानाला खांद्यावर घेतात, पण नऊ वर्षांची मुलगी बहुतेक तुम्हा सगळ्यांच्या आधी पोहोचेल.

आता तारखा. मे-जून म्हणजे उत्तरेच्या शाळांनाही सुट्ट्या, कटऱ्यात पारा चाळिशीच्या आसपास, आणि दर्शनाची रांग कित्येक तासांची. दोन्ही नवरात्रांत सजावट डोळ्यांचं पारणं फेडते, पण ज्येष्ठांना घेऊन नको. ३१ डिसेंबरच्या रात्री नवीन वर्षाचं दर्शन घ्यायला लोटणाऱ्या गर्दीपासून तर लांबच राहा. १ जानेवारी २०२२ च्या पहाटे भवनाजवळ चेंगराचेंगरीत १२ भाविक गेले. जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पाऊस आणि दरडी. २६ ऑगस्ट २०२५ ला अर्धकुवारीजवळ दरड कोसळून ३० हून अधिक जीव गेले आणि यात्रा जवळपास तीन आठवडे बंद होती. डिसेंबर अखेर ते फेब्रुवारी थंडी कडक, भैरवनाथाला बर्फ पडू शकतो, ओल्या फरशीवर घसरण्याचा धोका असतो. पण याच दिवसांत गर्दी कमी झाली की जुनी, मूळ गुहा भाविकांसाठी उघडतात, म्हणून खास त्यासाठी येणारेही असतात. तुमच्यासाठी दिवाळीची सुट्टी दोन्हींत बरी. त्यातही शाळेची सुट्टी ताणता आली तर ऐन पाडवा-भाऊबीज सोडून पुढचा आठवडा धरा. तेव्हा हवा कोरडी असते, दिवसा स्वेटरही लागत नाही, रात्री भवनाला कडकडीत थंडी. मार्चमधले होळीच्या पुढचे आणि चैत्र नवरात्राच्या आधीचे दिवसही उत्तम, फक्त तेव्हा मुलीची परीक्षा आड येईल.

सहा दिवस कसे वापरायचे? पुण्याहून झेलम एक्सप्रेस थेट जम्मूला जाते, पण जाता-येता मिळून जवळपास चार दिवस गाडीतच जातील. मुंबईहून वांद्रे टर्मिनसची स्वराज एक्सप्रेस थेट कटऱ्याला नेते, तरी एका बाजूला दीड दिवस धराच. त्यामुळे विमान. पहिल्या दिवशी पुणे–दिल्ली–जम्मू, तिथून टॅक्सीनं साधारण ५० किलोमीटर कटरा, आणि रात्री लवकर झोप. दुसऱ्या दिवशी पहाटे चढण, रात्री भवनाला मुक्काम. तिसऱ्या दिवशी भैरवनाथ, मग उतरण, संध्याकाळपर्यंत कटरा. चौथा दिवस कोरा. पाचव्या दिवशी सकाळी कटरा–अमृतसर वंदे भारत. ती ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाली आहे आणि दुपारपर्यंत पोहोचवते. संध्याकाळी सुवर्णमंदिर, सहाव्या दिवशी अमृतसरहून दिल्लीमार्गे घरी.

तो चौथा कोरा दिवस बघून तुम्हाला श्रीनगर आठवेल. जून २०२५ पासून कटरा–श्रीनगर वंदे भारत आहे आणि ती तीनेक तासांतच पोहोचवते, हे खरं. तरीही नको. पाऊस आला, बॅटरी गाड्या थांबल्या, रांग लांबली, बाबांची साखर वरखाली झाली, तर हाच दिवस तुम्हाला सोडवतो. तो नसला की घाईत उतरावं लागतं, आणि घाईत उतरणं म्हणजे आईचा गुडघा. काही बिघडलं नाही तर त्या दिवशी दुपारपर्यंत झोपा, बाजार बघा, अक्रोड घ्या. शिवखोडीच्या गुहेची टूम कुणीतरी काढेल. कटऱ्याहून ७०-८० किलोमीटर जाऊन तिथेही तीनेक किलोमीटर चालायचं असतं. आदल्या दिवशी उतरलेल्या माणसानं तिकडे फिरकू नये.

नोंदणीशिवाय बाणगंगेची चौकी ओलांडता येत नाही. पूर्वीची कागदी पर्ची जाऊन आता आरएफआयडी कार्ड गळ्यात घालायचं असतं. लोक अजूनही त्याला पर्चीच म्हणतात. ते मोफत आहे. त्याचे पैसे मागणारा बोर्डाचा नाही. नोंदणी घरबसल्या करा, कार्ड कटऱ्यात बसस्थानकाजवळच्या किंवा रेल्वे स्टेशनवरच्या काउंटरवरून प्रत्येकानं स्वतः घ्यायचं. मूळ आधार कार्ड सगळ्यांचं, मुलीचंही. कार्ड मिळाल्यावर ठरावीक तासांत चौकी ओलांडावी लागते, म्हणून ते हातात घेतानाच मुदत विचारा आणि आपल्या निघण्याच्या वेळेशी ताडून बघा. 'काम उरकून टाकू' म्हणून फार लवकर घेतलेलं कार्ड पहाटे चौकीवर बाद ठरतं. उतरल्यावर ते परत जमा करायचं असतं.

निघण्याची वेळ पहाटे पाच-साडेपाच. रात्री जेवून चढायला लागणारे गट तुम्हाला खूप दिसतील. तरुणांना ते जमतं, गारव्यात रस्ता पटकन सरतो. ज्येष्ठांसाठी त्यात तीन अडचणी: बॅटरी गाड्या रात्रभर चालत नाहीत, घामानं भिजलेलं अंग पहाटेच्या थंडीत भवनाला रांगेत गारठतं, आणि झोप बुडते ती बुडतेच. पहाटे निघालात तर नऊच्या सुमारास अर्धकुवारी, नाश्ता, अकरा-बारापर्यंत भवन. सूर्योदयाआधी आणि सूर्यास्तानंतर आरती असते. तेव्हा दर्शन थांबतं, आणि सगळं धरून दोनेक तास रांग हलत नाही. नोव्हेंबरात साडेपाचलाच दिवस मावळतो. म्हणून चारच्या आत रांगेतून बाहेर पडायचं, हा हिशेब दुपारच्या जेवणाआधीच मनात हवा. अर्धकुवारीच्या गर्भजून गुहेचा नंबर बऱ्याचदा कित्येक तासांनी येतो, शिवाय आत सरपटत जावं लागतं. आई-बाबांनी बाहेरूनच नमस्कार करावा. त्यासाठी पुढचं वेळापत्रक मोडू नका.

भवनाची खोली किंवा डॉर्मिटरी बोर्डाच्या संकेतस्थळावर खुली झाल्या झाल्या घ्या. सुट्टीच्या तारखा लगेच संपतात. नाहीच मिळाली तर मोफत सभागृहं आहेत आणि अनामत ठेवून ब्लँकेट मिळतात, अनामत परत करताना मिळते. पण आईला फरशीवर झोपून सकाळी उठणं जड जाणार असेल, तर खोली नाही म्हटल्यावर तारीखच बदला. मी एवढं टोकाचं सांगतोय, कारण भवनाचा मुक्काम हाच या सगळ्या आखणीचा खांब आहे: चढण आणि उतरण यांच्या मध्ये एक पूर्ण रात्र.

गुहेत जाताना फोन, पट्टा, चामड्याचं पाकीट, कंगवा, पेन, तंबाखू असं काहीच चालत नाही. मोफत लॉकर आहेत, पण त्यांची वेगळी रांग. ती टाळायची तर सामान खोलीतच ठेवा आणि एकजण बाहेर थांबून आळीपाळीनं दर्शन घ्या. नारळ गुहेत नेता येत नाही, तो आधीच जमा करावा लागतो. फरशी थंडगार असते, म्हणून आईसाठी जाड मोजे.

दर्शनाबद्दल आई-बाबांना आधीच नीट समजावून सांगा, कारण हे न सांगितल्यामुळे 'काही दिसलंच नाही' म्हणत लोक बाहेर पडतात. आत मूर्ती नाही. एका शिळेवर तीन पिंडी आहेत: उजवीकडे महाकाली, मध्ये महालक्ष्मी, डावीकडे महासरस्वती. वरचे मुकुट, छत्र, चुनरी यांच्या लखलखाटाकडे नजर जाते आणि पिंडी असतात खाली. पुजारी बोट दाखवतो, तेवढ्या दोन-चार क्षणांत नजर खाली हवी. 'आधी खाली बघ, मग हात जोड' एवढं एकच वाक्य आईच्या कानावर घालून ठेवा. प्रसाद बोर्डाच्या खिडकीवरूनच घ्या.

भैरवनाथाच्या दर्शनाशिवाय यात्रा पुरी होत नाही, अशी श्रद्धा आहे. पूर्वी ज्येष्ठ इथेच हार मानत, कारण ती वाट तुटक्या श्वासाची. डिसेंबर २०१८ पासून भवनाहून रोपवे आहे आणि पाचेक मिनिटांत वर पोहोचवतो. सकाळी उठल्यावर पहिलं काम हेच ठेवा. उन्हं वर आली की रोपवेची रांग वाढते, आणि दुपारी धुकं-वारा आला तर तोही थांबतो.

इथपर्यंतचा क्रम एकदा जोडून बघा: सकाळी रोपवेनं भैरवनाथ, परत भवन, बॅटरी गाडीनं अर्धकुवारी, तिथे जेवण आणि तासभर आराम, मग आई पालखीत आणि बाकीचे ताराकोटनं पायी. ताराकोटवर बोर्डाचा मोफत लंगर आहे. पालखीवाले पुढे जाणार, म्हणून पालखीबरोबर तुमच्यापैकी एकानं चालायचं, हेही आधीच ठरवा. बाणगंगेला चार-पाचपर्यंत पोहोचाल, उजेडात.

जे उतरणार त्यांच्यासाठी काही बारकावे. चढताना बुटाची नाडी सैल चालते; उतरायला लागण्याआधी ती घोट्यापाशी आवळून बांधा, नाहीतर पाय पुढे सरकून अंगठ्याचं नख काळं पडतं. नखं चार दिवस आधी कापलेली हवीत. पावलं छोटी, गुडघा किंचित वाकलेला, टाच आपटायची नाही. उतार तीव्र असला तर सरळ न उतरता रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत नागमोडी चाला. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची. जवळजवळ प्रत्येक जण ती दुखऱ्या बाजूलाच धरतो आणि मग 'काठीचा उपयोग होत नाही' म्हणतो. काठी बाणगंगेपाशी विकत मिळते. आईच्या कंबरेच्या थोडी खालपर्यंत येईल अशी बघून घ्या, खांद्याएवढी नको. पाऊस आला तर डोंगराच्या बाजूला, छपराखाली चाला. मोकळ्या दरीच्या कठड्याकडे फोटोसाठी थांबू नका.

तयारीला सहा-आठ आठवडे पुरतात. बाबा चालतात ते सपाटीवर. त्यांना आठवड्यातून दोनदा पर्वतीच्या पायऱ्या किंवा एखादी टेकडी चढायला लावा, आणि उतरणंही मोजा. आईसाठी खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, दहाच्या तीन फेऱ्या, रोज. मांडीचा स्नायू तयार झाला की गुडघ्यावरचा भार कमी होतो. गुडघ्याचा पट्टा नवा घेऊन थेट वर घालू नका, महिनाभर घरी वापरून बघा.

मधुमेह आणि उपवास यांची गाठ घालू नका. दर्शन होईपर्यंत काही खायचं नाही असा नेम अनेकांचा असतो. गोळी घेतलेली, पोट रिकामं आणि वर सहा किलोमीटरची चढण, म्हणजे साखर धाडकन खाली येण्याची सगळी तयारी. बाबांना नेम मोडायचा नसेल तर डॉक्टरांना विचारून त्या दिवसाच्या गोळीची वेळ बदला. खिशात खडीसाखर किंवा ग्लुकोजची पुडी असू द्या. हात थरथरणं, दरदरून घाम येणं, विनाकारण चिडचिड दिसली की आधी साखर तोंडात, मग बाकी विचार. औषधं तीन दिवसांची दोघांच्या पिशव्यांत वाटून ठेवा. वाटेत आणि भवनाला बोर्डाचे दवाखाने आहेत, पण तुमची नेमकी गोळी तिथे असेलच असं धरू नका.

फोन हा आपल्याकडच्या लोकांचा नेहमीचा घोळ. इतर राज्यांतलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. जम्मूला उतरल्यावर अचानक पाचही जणांचे फोन मुके होतात, आणि हॉटेलचा पत्ता, तिकीट, बॅटरी गाडीचं आरक्षण सगळं फोनमध्येच. निघण्याआधी निदान दोघांची सिम पोस्टपेड करून घ्या, किंवा कटऱ्यात ओळखपत्र दाखवून तिथलं सिम घ्या. आरक्षणं कागदावर छापून आणा. आईच्या आणि मुलीच्या खिशात हॉटेलचं नाव आणि चालू असलेला एक नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

सामान वर जितकं कमी तितकं बरं: एक जोडी कपडे, गरम टोपी, पातळ रेनकोट, औषधं, सुटे पैसे. बाकीच्या बॅगा कटऱ्याच्या हॉटेलवर. आणि ते हॉटेल बुक करताना लिफ्ट आहे का विचारा, किंवा तळमजल्याची खोली मागून घ्या. पहिल्या दिवशीची नाही, तिसऱ्या दिवशीची. बाणगंगेपर्यंत आईला पालखीतून आणून रात्री तिसऱ्या मजल्याचा जिना चढायला लावू नका.